लिओ फेंडर: रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची गिटार

व्हॉल्व्हवाला

आमच्या वडिलांचं साताऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, टेबलावर पाठ उघडून ठेवलेले व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, रेडिओ सेट, सोल्डरचा वास आणि मान खाली घालून बसलेले वडील. रिव्हेट मारून कायमचा बंद केलेला सेट आला की ते अस्वस्थ व्हायचे. स्क्रू फिरवला की उघडणाऱ्या वस्तूंवर मात्र त्यांचा जीव होता.

गेल्या महिन्यात ओळखीचा एक मुलगा त्याची टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची विजेवरची गिटार, घेऊन आला, तिचा पिकअप (तारांची थरथर पकडून तिची वीज करणारा भाग) बदलून हवा म्हणून. दोन स्क्रू काढले तर कंट्रोलची अख्खी पट्टी वायरींसकट हातात आली. मागचे चार काढले तर नेक, म्हणजे गिटारची मान, सुटी झाली. सरस नाही, जोडकाम नाही, पुन्हा बसवायला कारागीर लागत नाही. समोर वडिलांचं टेबल उभं राहिलं. ही गिटार ज्याने घडवली तोही रेडिओच दुरुस्त करायचा. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं केव्हापासून मनात होतं.

क्लेरेन्स लिओनायडस फेंडर, म्हणजे लिओ, याचा जन्म १० ऑगस्ट १९०९चा. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टनच्या शिवारात आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी आजारात एक डोळा गेला, पुढे जन्मभर काचेचा डोळा. सँटा मरिया गावी मामाचं मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. तिथे मामाने स्वतः जुळवलेला रेडिओ पोराने पाहिला आणि वेड लागलं. शिक्षण मात्र हिशेबनिसाचं झालं. मंदीच्या काळात नोकरी गेली, आणि १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' हे दुकान टाकलं.

तिथे रेडिओ यायचे, ग्रामोफोन यायचे, सभासमारंभाचे लाउडस्पीकर यायचे आणि गावोगाव नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्यांचे अ‍ॅम्प्लिफायरही यायचे. लिओला गिटार वाजवता येत नव्हती. जन्मभर आलीच नाही, सुरात लावायलासुद्धा तो दुसऱ्याला बोलवायचा. पण कोणती वस्तू कुठे तुटते, कोणता सांधा आधी ढिला होतो, भर कार्यक्रमात वादक कशामुळे अडतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याच्या गिटारीची सगळी गुरुकिल्ली मला इथे सापडते.

डॉक कॉफमन नावाचा वादक आणि हरहुन्नरी कारागीर त्याला भेटला. डॉकने आधी रिकेनबॅकर या गिटार कंपनीसाठी काम केलेलं. नवा पिकअप तपासायला म्हणून १९४३च्या सुमारास दोघांनी एका भरीव लाकडावर ओबडधोबड गिटार उभी केली. ती निव्वळ चाचणीसाठी होती, पण आसपासचे वादक ती भाड्याने मागायला लागले. १९४५ साली दोघांनी 'के अँड एफ' ही कंपनी काढली आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन स्टील गिटारी आणि सोबतचे छोटे अ‍ॅम्प बनवायला घेतले. डॉकला कर्जाची धास्ती वाटायची. पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला, आणि त्याच्या वाट्याच्या बदल्यात त्याने एक लहान पंच प्रेस (पत्र्याला भोकं पाडायचं यंत्र) घेतला असं सांगतात. १९४६पासून पाटी लागली 'फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी'.

भरीव अंगाची विजेवरची गिटार लिओने शोधली असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन' १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. गिटारवादक लेस पॉलने एका ओंडक्यावर तारा चढवून पाहिल्या होत्या. पॉल बिग्स्बी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी १९४८ साली भरीव गिटार करून दिली होती, आणि तिच्या सहाही खुंट्या एकाच बाजूला होत्या. लिओने वेगळी गोष्ट केली. एकेक नग घडवण्याऐवजी कुठल्याही कामगाराला जुळवता येईल आणि कुठल्याही दुकानात उघडता येईल अशी गिटार त्याने आखली. अ‍ॅश लाकडाची फळी, एकसंध मेपलचा नेक, चार स्क्रू. नेक झिजला तर तासत बसू नका, दुसरा लावा.

१९५०मध्ये एका पिकअपची एस्क्वायर आली. नेकमध्ये पोलादी सळई नको असा लिओचा हट्ट होता, मेपल कडक असतं म्हणून. विक्री सांभाळणारा डॉन रँडल अडून बसला. पहिले काही नेक वाकले आणि सळई आली. जुन्या फेंडरच्या नेकच्या पाठीवर जी गडद लाकडाची उभी पट्टी दिसते ना, ती सळई मागून आत घातल्याची खूण. वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात प्रतिस्पर्ध्यांनी या गिटारीला होडीचं वल्हं म्हटलं, बर्फ काढायचं फावडं म्हटलं. वर्षअखेरीस दोन पिकअपची ब्रॉडकास्टर निघाली, तर ग्रेच कंपनीने कळवलं की ब्रॉडकास्टर हे नाव आमच्या ड्रमचं आहे. मग छापून आलेल्या लेबलांवरचं तेवढं नाव कात्रीने कापून टाकलं, आणि १९५१चे काही महिने गिटारी नुसत्या 'फेंडर' म्हणून बाहेर पडल्या. आज संग्राहक त्यांनाच 'नोकास्टर' म्हणतात. नंतर रँडलने टेलिव्हिजनवरून टेलिकास्टर नाव दिलं, ते कायम झालं.

स्ट्रॅटोकास्टर या फेंडरच्या पुढच्या गिटारीबद्दल उद्या रात्री लिहितो. हात भरून आलाय.

खर्जातला सा

फार छान लिहिताय, पण बासवाल्यांना विसरू नका! १९५१च्या प्रिसिजन बासबद्दल एकही ओळ नाही म्हणून मीच भर घालतो.

त्याआधी बास म्हणजे माणसाएवढा उभा डबल बास. मोटारीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं जोरात वाजायला लागली की त्याचा आवाज कोणाला ऐकू जायचा नाही. शिवाय पडदे (सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसल्याने सूर कानावर. लिओने त्याला पडदे दिले. बोट पडद्यामागे पडलं की सूर नेमका लागणार, म्हणून नाव 'प्रिसिजन'. तारेची वाजती लांबी त्याने ३४ इंच ठरवली आणि आज सत्तर वर्षांनंतरही बहुतेक बास तेवढ्याच लांबीचे असतात. अमुकच आकडा का, तर वेगवेगळ्या लांब्या करून, वाजवायला देऊन, ऐकून.

सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच पडद्यांचा विजेवरचा बास विकायला काढला होता, तो चालला नाही. फेंडरचा चालला, कारण त्याच्याबरोबर तो आवाज पेलणारा अ‍ॅम्पही लिओने बनवला, 'बासमन'. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात हा बास सुरुवातीलाच गेला आणि माँक माँटगोमेरीने तो वाजवला. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांवरचा जेम्स जेमर्सनचा बास हाच.

आणि १९५७ साली त्याचा पिकअप दोन तुकड्यांत केला, दोन तारांना एक कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं), उरलेल्या दोन तारांना दुसरी. दोन्ही कॉइलींची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव उलटे ठेवले की बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोघींत विरुद्ध येऊन मिटते, तारेचा आवाज मात्र टिकतो. आवाजात तडजोड नाही आणि गुणगुण गायब. या एका कल्पनेसाठी मी त्या माणसाला दंडवत घालतो.

मेघमल्हार_पुणे

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. पिकअप म्हणजे मायक्रोफोनच ना? मग भरीव लाकडातून आवाज येतोच कसा?

व्हॉल्व्हवाला

प्रश्न भाबडा नाही, मलाही पूर्वी हेच वाटायचं. मायक्रोफोन हवेतला आवाज पकडतो. पिकअपला हवेशी देणंघेणं नाही. सहा तारांखाली सहा चुंबकाच्या कांड्या असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. गिटारची पोलादी तार त्या चुंबकीय क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये तितक्याच कंपनांची इवलीशी वीज तयार होते. ती अ‍ॅम्पमध्ये मोठी करायची. म्हणूनच इथे नायलॉनच्या तारा चालत नाहीत.

पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरच्या आवाजाने तिचं पोटच थरथरतं, ते पुन्हा पिकअपमधून जातं आणि शिट्टी सुरू होते. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आला की होते तीच. भरीव लाकूड तितकं थरथरत नाही, त्यामुळे आवाज बराच जास्त वाढवता येतो.

खर्जातला सा, बासची बाजू तुम्ही माझ्याहून चांगली मांडलीत. मूळ लेखात ती हवीच होती.

आता स्ट्रॅटोकास्टर. १९५३मध्ये फ्रेडी टवारेस हा हवाईचा स्टील गिटारवादक कंपनीत आला. रेखाटनाचं बरंच काम त्याच्या हातचं. रेक्स गॅलियन, बिल कार्सन असे वादक कारखान्यात येऊन तक्रारी करायचे: टेलिकास्टरची कड बरगडीत रुतते, पुढचा हात काचतो. मग मागून पोटाला आणि पुढून कोपराला खोलगट उतार दिला. तिच्या रूपाचं एवढं कौतुक होतं, त्याचा उगम असा वादकाच्या बरगड्यांत आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हलणाऱ्या ब्रिजने, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाने. दांडी दाबली की सूर उतरतो, सोडली की परत जागेवर यायला हवा. पहिल्या रचनेत तारा रुळांवरून जायच्या. आवाज पोचट निघाला, जोर टिकेना. तयार केलेले साचे लिओने मोडीत काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या रचनेत ब्रिजखाली पोलादी ठोकळा बसवला, मागच्या पोकळीत पाच स्प्रिंगा लावल्या, एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. तराजूच तो. १९५४ साली गिटार बाजारात आली, दांडीसकट किंमत २४९ डॉलर ५० सेंट. नामकरणात मात्र लिओची उलटापालट झाली. सूर हलतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात आणि आवाजाची पातळी हलते त्याला ट्रेमोलो. त्याने गिटारच्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि अ‍ॅम्पमधल्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो. जग अजून तेच म्हणतंय.

तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायला सुरुवात केली आणि त्यातून एक पोकळसर, पाणीदार आवाज निघाला. कारखान्याने पाच जागांचा स्विच दिला तो थेट १९७७ साली. एवढी वर्षं लोक आगपेटीची काडी नाहीतर बोटाचा अंदाज वापरत होते.

फुलर्टनजवळची

मी ऑरेंज काउंटीत राहते. इथे नवीन आले तेव्हा फुलर्टन म्हणजे नुसतं रेल्वे स्टेशनचं गाव वाटलं होतं. गावच्या संग्रहालयात लिओ फेंडरचं दालन आहे, मुलाला गिटार शिकवायला लागल्यावर तिथे गेले. आता संत्र्यांच्या बागा नावालाच उरल्या आहेत.

सुरुवातीचे पत्र्याचे कारखाने स्टेशनच्या जवळ होते आणि त्यांत स्वच्छतागृह नव्हतं. कामगार रूळ ओलांडून स्टेशनवर जायचे. ज्या बायकांनी उभ्या दिवसाच्या पाळीत ते पिकअप गुंडाळले त्यांना याचा काय त्रास झाला असेल, हे मला राहून राहून वाटतं. लिओचं कौतुक जरूर करू या, पण या बायकांबद्दलही कोणी लिहा. त्यांतल्या बऱ्याच जणी मेक्सिकन घरांतल्या होत्या.

व्हॉल्व्हवाला

तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. मूळ लेखात हे नव्हतं, ही माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे साठच्या दशकातला एक फेंडर अ‍ॅम्प सर्व्हिसिंगला आला होता. चॅसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढून उलटी केली तर आत पिवळी पडलेली कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं 'लुपे'. जिने त्या अ‍ॅम्पची वायरिंग केली तिचं नाव. त्या काळच्या अ‍ॅम्पांत अशा पट्ट्या असतात, कधी लिली, कधी आणखी कोणी. सोल्डरचा एकेक डाग मण्यासारखा गोल. साठ वर्षांनी एकही सांधा हलला नव्हता. मी ती पट्टी तशीच ठेवली.

अबिगेल इबारा यांचं नाव मात्र आता गिटारवाल्यांना माहीत आहे. १९५६ साली त्या कारखान्यात लागल्या आणि पिकअप गुंडाळत राहिल्या, निवृत्त झाल्या २०१३मध्ये. यंत्र फिरायचं, पण तार बोटांच्या चिमटीतून सोडायची. किती ताणायची, कुठे सैल सोडायची, हे बोटांवर. तशी गुंडाळी यंत्राइतकी काटेकोर नसते, आणि आवाजात जी ऊब ऐकू येते ती थोडीफार त्या असमान वेढ्यांची आहे असं माझं मत. पुढे त्यांच्या हातच्या पिकअपसाठी लोक वाट बघत थांबायचे. नेक घासणाऱ्या टाडेओ गोमेझचंही तसंच. टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली टीजी ही अक्षरं सापडली की आज संग्राहकाचे डोळे चमकतात.

काळी_पाच

सीबीएसपर्यंत या ना, म्हणजे ज्या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली तिच्यापर्यंत. खरी दुखरी जागा तिथे आहे.

व्हॉल्व्हवाला

येतोच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धंदा भरात होता. जॅझमास्टर, जॅझ बास, जॅग्वार या गिटारी, ट्विन रिव्हर्ब हा अ‍ॅम्प. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांचे रंग घेऊन गिटारी रंगवत होते. फिएस्टा रेड हा मुळात फोर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी बासमन उघडून त्यावरून स्वतःचा अ‍ॅम्प बांधला, मार्शलचं पुढचं सगळं घराणं तिथून निघालं.

पण लिओ वर्षानुवर्षं घशाच्या आणि सायनसच्या जंतुसंसर्गाने बेजार होता. आपण जगत नाही असं त्याने धरलं. रँडलला म्हणाला, पंधरा लाख डॉलर दे आणि कंपनी घे. रँडलने मोठा गिऱ्हाईक शोधला. जानेवारी १९६५मध्ये सीबीएसने फेंडर घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला. आदल्या वर्षी याच सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता १ कोटी १२ लाखांना. रेडिओवाल्याच्या दुकानाची किंमत त्याहून जास्त झाली! आणि विक्रीनंतर नव्या डॉक्टरने प्रतिजैविकांचा जबर मारा केला आणि लिओ खडखडीत बरा झाला. ही गोष्ट मला दर वेळी हलवून जाते.

नंतर काय झालं ते गिटारींच्या अंगावर वाचता येतं. १९६५च्या अखेरीस खुंट्यांचा माथा मोठा झाला. अडुसष्टच्या सुमारास जाड पॉलिएस्टरचा लेप आला, लाकडावर काच ओतल्यासारखा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पांवर मंजुरीची सही करायला कारखान्याचा व्यवस्थापक फॉरेस्ट व्हाइट तयार होईना. १९६६मध्ये तो नोकरी सोडून गेला. १९७१मध्ये स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टरच्या) नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले. नेकची खाच सैल कापलेली असेल तर नेक आडवा सरकतो आणि कडेची तार पडद्यावरून घसरते. चार स्क्रूंवर उभी असलेली कंपनी, आणि तिने त्यातलाच एक काढला.

काळी_पाच

इथे मी ठामपणे असहमत आहे. सीबीएसला शिव्या घालणं सोपं आहे. तीन स्क्रू आणि नेकचा कल आतून बदलणारी ती छोटी चावी, ही कल्पना खुद्द लिओची. पुढे स्वतःच्या जी अँड एल गिटारींतही त्याने तीन स्क्रू वापरले, आणि त्या घट्ट बसतात. दोष कल्पनेत नव्हता, घाईघाईने केलेल्या सैल कापणीत होता.

दुसरं, जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने वाजवलेल्या स्ट्रॅट बहुतांशी सीबीएसच्याच काळातल्या. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातली ती पांढरी गिटार मोठ्या माथ्याची होती. विकत घेताना तो कंपनीचा मालक कोण हे बघत नव्हता. आणि मोठी कंपनी मागे नसती तर त्या दशकात जगभर एवढ्या गिटारी पोचल्या असत्या का?

व्हॉल्व्हवाला

तीन स्क्रूंबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, माझं वाक्य एकांगी झालं. हेंड्रिक्सबद्दलही. वुडस्टॉकची गिटार उत्तम होती यात वाद नाही. पण सत्तरच्या दशकातल्या पाच गिटारी हातात घ्या, पाचही वेगळ्या निघतात. काही सुंदर, काही दगडासारख्या जड. दुरुस्त करणाऱ्याला ते खुपतं, कारण एकीचा सुटा भाग दुसरीला बसणं हाच तर मूळ करार होता.

लिओचं पुढचं थोडक्यात. दहा वर्षं स्पर्धा करायची नाही अशी अट होती. ती संपताच १९७५मध्ये तो म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष म्हणून उघडपणे पुढे आला. १९७६च्या स्टिंगरे बासमध्ये बॅटरीवरचं सर्किट होतं. मग जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल काढली, फुलर्टनमधल्याच फेंडर अ‍ॅव्हेन्यूवर. पुढे कंपवाताने हात थरथरायचे, तरी तो रोज बाकावर जाऊन बसायचा. २१ मार्च १९९१ला गेला, आदल्या दिवशीपर्यंत काम करत होता.

शिसव

मी वनखात्यात होतो, गिटार अजिबात वाजवत नाही. पण धाग्यात लाकडाचा विषय अर्धवट राहिलाय म्हणून लिहितो.

फेंडरने १९५८च्या जॅझमास्टरवर आणि १९५९पासून इतर गिटारींवर गडद लाकडाची बोटपट्टी बसवायला सुरुवात केली. मेपलवरचा लाखेचा थर घासून काळा पडायचा आणि मंचावर मळकट दिसायचा. आधी ब्राझीलचं रोझवुड होतं, साठच्या दशकाच्या मध्यापासून भारतीय. हे भारतीय रोझवुड म्हणजे आपला शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीच्या उतारांवर वाढतो. आजीच्या घरचा शिसवी पलंग ज्या लाकडाचा, त्याच लाकडावर जगातल्या लाखो गिटारवाल्यांची बोटं फिरली आहेत.

१९६८मध्ये फेंडरने बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी अख्खी टेलिकास्टरच रोझवुडची केली होती. ३० जानेवारी १९६९ला लंडनच्या गच्चीवर झालेल्या बीटल्सच्या कार्यक्रमात तो ती वाजवतो आहे. शिसव पाण्यात बुडायच्या बेताचा जड असतो. खांद्याला किती भार झाला असेल ते मी सांगू शकतो!

२ जानेवारी २०१७पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय करारात डालबर्जियाच्या सगळ्या जाती आल्या आणि सीमा ओलांडायला परवाने लागू लागले. तेव्हा फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड घेतलं. नोव्हेंबर २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. शिसव फार सावकाश वाढतो. दारातून एक मोठं झाड गेलं तर तुमच्या नातवाला तेवढं परत दिसत नाही, म्हणून त्या परवान्यांचा मला कधी राग आला नाही.

मेघमल्हार_पुणे

शिसवसाहेब, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे.

चाफेकळी

नमस्कार. मी वाचनमात्र असते, आज लिहिते आहे. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, मालवणचा. तो मागच्या वर्षी गेला. ठाण्याच्या घराच्या माळ्यावर त्याची गिटार सापडली. माथ्यावर फेंडर स्ट्रॅटोकास्टर लिहिलंय. लहानपणी गणपतीत तो ती वाजवायचा एवढं आठवतं. कुठली, कधीची, हे कळेल का? विकायची नाही. फक्त जाणून घ्यायचंय.

व्हॉल्व्हवाला

ताई, नक्की कळेल, आणि तुम्हाला स्वतःला बघता येईल. आधी सगळ्या तारा सैल करा, एकदम नाही, थोड्या थोड्या. गिटार गादीवर पालथी ठेवा. मागे चौकोनी पट्टी दिसेल, तिचे चारही स्क्रू बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. नेक अलगद वर उचलला जाईल, ओढू नका. नेकच्या टाचेवर पेन्सिल किंवा शिक्का असेल. खाचेत कागदाची किंवा पुठ्ठ्याची पातळ पाचर असू शकते, ती हरवू नका, नेकचा कल तिच्यावर असतो. आणि नेकच्या मागे टाचेजवळ एखादा क्रमांक आहे का तेही बघा.

सोबत अ‍ॅम्प सापडला तर मात्र तो उघडू नका आणि थेट भिंतीत लावूही नका. जुने अमेरिकन अ‍ॅम्प ११७ व्होल्टचे असतात, आपल्याकडे २३०. आणि बंद असतानाही आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

चाफेकळी

अ‍ॅम्प नाही. गिटार रविवारी उघडली, भावाने दिवा धरला. नेकच्या मागे लिहिलंय 'मेड इन जपान' आणि इंग्रजी ई अक्षर, पुढे सहा आकडे.

काळी_पाच

ताई, ही १९८४ ते ८७ या काळातली! आणि ही गोष्ट या धाग्यात यायलाच हवी होती. ऐंशीच्या सुरुवातीला जपानी कंपन्या जुन्या फेंडरच्या नकला फेंडरहून चांगल्या करत होत्या. तेव्हा १९८२मध्ये फेंडर जपान सुरू झाली. गिटारी मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनायच्या. १९८५ साली सीबीएसने फेंडर विकली, बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १ कोटी २५ लाखांना घेतली, म्हणजे वीस वर्षांपूर्वीपेक्षाही कमी किमतीला. त्या पैशात नाव मिळालं, पेटंट मिळाली, उरलेले सुटे भाग मिळाले. फुलर्टनचा कारखाना मिळाला नाही. कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावी नवीन कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरचं नाव जपानमधल्या कारागिरांनी तोलून धरलं. तुमच्या मामाने बहुतेक तिथल्याच एखाद्या बंदरात ती घेतली असणार.

चाफेकळी

मामाची बोट कोबेला जायची, पत्रं आहेत आईकडे.

अजून एक. खाचेत खरंच पाचर होती. बसचं तिकीट, चार घड्या घातलेलं. आकडे पुसट झालेत पण देवनागरी आहेत. म्हणजे ही त्याने स्वतः उघडली होती ना? ते तिकीट काढून ठेवू का जपून, आणि दुसरं काही घालू?

व्हॉल्व्हवाला

हो, त्यानेच उघडली होती. कारखान्यात कोणी आपलं तिकीट घालत नाही.

एक फोटो काढून ठेवा आणि तिकीट होतं तसंच, त्याच घड्यांवर, परत ठेवा. त्या जाडीवर त्याने तारांची उंची लावलेली असणार. चारही स्क्रू आधी हाताने थोडे थोडे बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, फार जोर नको. तारा नऊ नंबरच्या, म्हणजे पातळ, घ्या. पाचही स्प्रिंगा जागेवर आहेत का ते मागचं झाकण काढून बघा आणि इथे कळवा.